चार मुलुखांचे उच्चार

इंद्रायणीकाठची चिखली 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आली. आज तेथील कोणत्याही पत्र्याच्या शेडमध्ये डोकवावे, तर एकाच पाळीत बिहार, ओडिशा, मराठवाडा आणि कर्नाटकाची सरहद्द अशा चार मुलुखांचे उच्चार कानी पडतात. अशाच एका प्रेसच्या कारखान्यात मी यंत्रे सोडून माणसांचे ऐकणे न्याहाळीत बसलो होतो.

ठोक्यांच्या गदारोळात निम्मे शब्द बुडतात आणि उरलेले परक्या वळणाचे असतात. भोजपुरी मुलखातला गडी 'शाफ्ट'ला 'साफ्ट' म्हणतो. ओडिया गड्याच्या तोंडी 'गरम'मधला प्रत्येक अकार ओकाराकडे झुकतो. मराठी 'सतरा नग' हे हिंदी कानाला सहज 'सत्तर' वाटतात, सबब येथे आकडा दोनदा सांगण्याचा दस्तूर आहे. डाय बांधणारा सेटर अक्कलकोटकडचा, घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलत वाढलेला. नव्या ओडिया गड्याचे बोलणे त्याने पहिल्याच पाळीत ओळखले. बीडहून आलेला, मराठीखेरीज दुसरी भाषा फारशी न वापरलेला पोरगा मात्र प्रत्येक वाक्याला 'काय?' विचारीत होता. लॉरा स्पिनू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही अपरिचित धाटणीच्या इंग्रजीतला शब्दान्तीचा व्यंजनोच्चार द्वैभाषिकांनी एकभाषिकांहून अधिक चांगला उचललेला आढळतो. ज्याने बालपणापासून दोन वर्णव्यवस्था सांभाळल्या, त्याला एकाच ध्वनीला दोन ठिकाणी दोन नियम असू शकतात हे कोणी शिकवावे लागत नाही, असे मला वाटते.

तथापि सगळे श्रेय द्वैभाषिकत्वाला देऊन चालणार नाही. भोजपुरी आणि हिंदी अशा दोन भाषा वागवणारा तो बिहारी गडी 'नळी'ची 'नली'च करतो, कारण दोहींत 'ळ' नाही. ओडिया गडी तो पहिल्याच दिवशी स्वच्छ उच्चारतो, कारण त्याच्या मातृभाषेत तो आहे. कानाची चपळाई आणि जिभेची पूर्वपुंजी ही दोन वेगळी खाती आहेत, आणि कारखान्यात ती सर्रास एकत्र मोजली जातात.

बीडच्या पोराची मात्र अजून खातरजमा व्हायची आहे. ब्रॅडलो आणि बेंट यांनी 2008 साली दाखवले, की एकाच परक्या ढंगाचे अनेक वक्ते ऐकणाऱ्याला त्याच ढंगाचा नवा वक्ताही सुलभ होतो. म्हणूनच मुकादमाने त्याला एका बिहारी जोडीदाराच्या शेजारी न ठेवता मालाच्या दारावर, जेथे दिवसभर निरनिराळे बिहारी हमाल येतात, तेथे तैनात करावे, असे मी सुचवले. मुकादमाने ते मानले. पण कारण विचारता 'तिथं माणूस कमी पडतंय' एवढेच सांगितले.