बोट चिमटतं ते पाइप बारीक म्हणून नव्हे

घडीच्या खुर्चीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "जाड पाइपची घ्या, काही होत नाही." दुकानदार हेच सांगतो, मंडप डेकोरेटर हेच सांगतो, आणि फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये 'जरा सेफ बनवा' म्हटलं की कारागीर पाइपचं गेज बदलून देतो. खुर्ची एका हाताने उचलून बघायची, जड लागली की समाधानाने मान डोलवायची, इतकीच आपली तपासणी. हा समज असा रुजला आहे की खुर्चीत बोट सापडलं तरी खुर्चीला कुणी बोल लावत नाही. ज्याचं बोट चेंगरलं त्यालाच 'लक्ष कुठे होतं?' असं विचारलं जातं. वस्तुस्थिती वेगळी आहे. साध्या खुर्चीत नसलेले आणि घडीच्या खुर्चीत हटकून असणारे धोके दोन: उघडता-मिटताना बोट सापडणं, आणि माणूस बसलेला असताना खुर्ची मिटणं. या दोन्हींचा पाइपच्या जाडीशी फारसा संबंध नाही. पिन कुठे आहे, फट किती आहे आणि वजन पिनच्या कुठल्या बाजूला पडतं, यावर ते ठरतात. म्हणजे प्रश्न भूमितीचा आहे आणि आपण उत्तर लोखंडात शोधतो आहोत.

आधी बोटाचं बघू. अडकित्त्यात सुपारी टोकाकडे कुणी ठेवत नाही, बिजागरीजवळ ठेवतात, कारण तिथे हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो. घडीच्या खुर्चीचा प्रत्येक सांधा असाच वागतो. बैठकीच्या कडेवर पिनपासून 40 सेंटीमीटरवर हात ठेवून जेमतेम 5 किलोचा जोर दिला, तरी पिनपासून 2 सेंटीमीटरवरच्या फटीत तो 20 पट होतो. तिथे बोट असेल तर त्यावर 100 किलोचा दाब येतो. खुर्ची उघडणाऱ्याला मात्र आपण काही जोर लावला असं वाटतही नाही. आता पाइप दुप्पट जाड केला तर काय होईल? गुणोत्तर तेच राहील, फक्त खुर्ची जड होईल आणि घसरून मिटली तर आणखी जोराने मिटेल. म्हणजे जाड पाइपने हा धोका कमी तर होत नाहीच, उलट थोडा वाढतो.

यावर शंका असेल त्यांनी मॅक्लारेन या बाबागाड्यांच्या कंपनीचं उदाहरण आठवावं. नोव्हेंबर 2009मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने या कंपनीच्या सुमारे 10 लाख घडीच्या बाबागाड्यांबाबत रिकॉल जाहीर केला. अमेरिकेत 12 मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या नोंदी तोवर झाल्या होत्या. यात गाडीचा सांगाडा कुठे वाकला किंवा मोडला नव्हता. गाडी उघडताना बाजूच्या बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती. कंपनीने उपाय म्हणून दिलं ते बिजागरीवर बसवायचं आच्छादन. पाइप बदलायची गरज कुणालाच वाटली नाही, कारण पाइपचा दोषच नव्हता.

मानकं लिहिणाऱ्यांनी हे कधीच ओळखलं आहे. यंत्रांच्या सुरक्षिततेसाठीचं आयएसओ 13854 हे मानक धातूच्या जाडीबद्दल बोलत नाही, अंतराबद्दल बोलतं. दोन हलते भाग जवळ येत असतील तर बोट चिरडू नये म्हणून किमान 25 मिलिमीटर, हाताचा पंजा चिरडू नये म्हणून 100 मिलिमीटर फट उरली पाहिजे. खेळण्यांच्या मानकांत, म्हणजे आयएसओ 8124-1 आणि त्यावर बेतलेल्या आपल्या आयएस 9873च्या पहिल्या भागात, नियम आणखी नेमका आहे. बिजागरीवर फिरणारा भाग पाव किलोपेक्षा जड असेल आणि तिथल्या फटीत 5 मिलिमीटरची दांडी जात असेल, तर 12 मिलिमीटरचीही गेली पाहिजे. यातलं तर्कशास्त्र साधं आहे. फट एकतर इतकी अरुंद हवी की मुलाचं बोट जाणारच नाही, नाहीतर इतकी रुंद हवी की गेलेलं बोट सहज बाहेर येईल. घात करते ती मधली फट. शिवाय हे खुर्ची पूर्ण उघडी किंवा पूर्ण मिटलेली असताना मोजून भागत नाही. उघडण्यापासून मिटण्यापर्यंतच्या साऱ्या हालचालीत कुठेही फट या मधल्या मापात येता कामा नये.

फुलीसारखे एकमेकांना छेदणारे पाय असलेली खुर्ची घ्या. मिटताना फुलीच्या वरची आणि खालची फट बंद होते. उघडताना डाव्या-उजव्या बाजूची. म्हणजे एकाच पिनभोवती चार ठिकाणी बोट सापडू शकतं आणि ठिकाणं हालचालीच्या दिशेनुसार बदलतात. 'पिनला हात लावू नका' असा स्टिकर चिकटवून हे सुटत नाही. सुटतं ते असं: पाइप एकमेकांना टेकण्याआधीच त्यांना अडवणारा स्टॉपर बसवायचा, पिनच्या आसपासचा भाग टोपीने झाकायचा, आणि उचलायला-मिटायला पकड मुद्दाम पिनपासून लांब द्यायची, म्हणजे हात आपोआप तिकडेच जातो. आक्षेप येतो की स्टॉपरमुळे खुर्ची पूर्ण सपाट मिटत नाही आणि टेम्पोत खुर्च्या कमी मावतात. आक्षेप खरा आहे आणि भाड्याने खुर्च्या देणाऱ्यासाठी तो पैशाचा आहे. पण तिथेही टोपीचा पर्याय उरतोच, आणि तिला जागा लागत नाही. घरी दोन-चार खुर्च्या ठेवणाऱ्याला तर ही अडचणच नाही.

दुसरा धोका बसल्यावर मिटण्याचा. इथेही 'मजबूत लॉक लावा' हे उत्तर तयार असतं. पण चांगल्या घडीच्या खुर्चीला बसताना लॉकची गरजच पडू नये. बसणाऱ्याचं वजनच सांध्याला उघडण्याच्या दिशेने ढकलत राहिलं पाहिजे. यासाठी सांधा सरळ रेषेपाशी थांबत नाही. किंचित पलीकडे जाऊन स्टॉपरवर टेकतो. मग वजन जितकं जास्त, तितकी खुर्ची घट्ट. सांधा रेषेच्या अलीकडेच थांबला तर हिशेब उलटतो: वजन खुर्ची मिटवू पाहतं आणि सगळा भार त्या एका लॉकवर येतो. फिरत्या बैठकीतही हाच हिशेब आहे. पिनच्या एका बाजूचं वजन खुर्ची उघडी ठेवतं, दुसऱ्या बाजूचं मिटवतं. बसणारा मागे रेलला, कडेला सरकला किंवा बल्ब बदलायला बैठकीवर चढला, तरी वजन मिटवणाऱ्या बाजूला जाऊ नये, अशी पिनची जागा निवडणं हे डिझाइन करणाऱ्याचं काम आहे. लॉक असू दे, पण दुसरी फळी म्हणून. आणि ते आठवणीने लावावं लागणारं नको, खुर्ची उघडली की आपोआप लागणारं हवं. अर्धवट लागलेलं लॉक सर्वांत वाईट, कारण ते लागल्यासारखं दिसतं. पूर्ण न उघडलेली खुर्ची लांबूनही अर्धवट उघडलेलीच दिसली पाहिजे.

आता तो लाडका युक्तिवाद: "नीट वापरली तर काही होत नाही, चूक वापरणाऱ्याची." हे ऐकलं की संयम सुटतो. 2017मध्ये आयकियाने मायसिंग्सो नावाची समुद्रकिनाऱ्यावर वापरायची घडीची खुर्ची परत मागवली. कापड धुऊन पुन्हा लावताना ती चुकीच्या पद्धतीनेही जुळवता येत होती, आणि तशी जुळवली की बसताना कोसळत होती. त्यात बोटांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या. कापड चुकीचं लावलं कुणी? वापरणाऱ्याने. पण कंपनीने 'नीट लावा' एवढं सांगून हात झटकले नाहीत, खुर्चीच मागे घेतली. कारण जी वस्तू चुकीची जुळवूनही बरोबर दिसते, तिची चूक वापरणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. आपल्याकडची लाकडी, कॅनव्हासची आरामखुर्ची याच कसोटीवर लावून बघा. मागची आडवी दांडी खालच्या दोन पट्ट्यांवरच्या खाचांत बसते. दांडी डावीकडे दुसऱ्या खाचेत आणि उजवीकडे तिसऱ्या खाचेत गेली, तरी खुर्ची उभी राहते, दिसायला ठीक दिसते, आणि बसल्यावर मात्र दांडी तिरकी होऊन निसटते. त्याच वेळी आधारासाठी हात गेलेला असतो तो नेमका त्या खाचांवर. खाचा थोड्या खोल आणि आत झुकणाऱ्या कापल्या आणि दांडीला दोन्ही टोकांना खांदा दिला, तर ही चूक करायलाच जागा उरत नाही. जपानी कारखान्यांत 1960च्या दशकात शिगेओ शिंगो यांनी रुजवलेली 'पोका-योके' पद्धत हेच सांगते: चूक करू नका असं बजावत बसण्यापेक्षा चूक होऊच शकणार नाही असा भाग बनवा.

मग मजबुतीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण ती कुठे हवी हा प्रश्न आहे. घडीच्या खुर्चीत पाइप सहसा आधी हार मानत नाही, आधी ढिलं होतं ते रिव्हेटचं भोक. पातळ पाइपला आरपार पाडलेल्या भोकात सगळा भार भिंतीच्या त्या दोन अरुंद कडांवर येतो. मंडपातली जुनी लोखंडी खुर्ची पालथी करून बघितली तर गोल भोक लांबट झालेलं दिसतं, रिव्हेटभोवती रंग उडून गंजाची कड आलेली असते आणि बैठक हाताने हलवली की खडखडते. ही खडखड म्हणजे सांधा आता ठरलेल्या जागी थांबत नाही. जो सांधा सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जायचा, तो अलीकडेच अडू शकतो. इथे लोखंड घालायचंच असेल तर भोकात बुश बसवण्यात आणि सांध्याशी पट्टी जोडण्यात घालावं. राहिला पाइप. तो भक्कम करायचा तरी जाडी वाढवणं हा कमअस्सल मार्ग आहे. 19 मिलिमीटर व्यासाच्या पाइपची जाडी 1.2वरून 1.6 मिलिमीटर केली तर वजन सुमारे 30 टक्के वाढतं आणि वाकण्याला होणारा विरोध 25 टक्के. त्याऐवजी जाडी तीच ठेवून व्यास 25 मिलिमीटर केला तर वजन सुमारे 34 टक्के वाढतं, पण विरोध जवळजवळ 2.4 पट होतो. 'जाड पाइप' हा सल्ला स्वतःच्या मैदानातही हरतो.

उरलेले गैरसमज थोडक्यात. 18 गेजचा पाइप 16 गेजपेक्षा जाड, हा समज उलटा आहे: 16 गेज सुमारे 1.6 मिलिमीटर, 18 गेज सुमारे 1.2. 'पाय जितके फाकवाल तितकी खुर्ची पक्की' हेही अर्धसत्य: कॅनव्हासच्या फुलीच्या स्टुलात, फरशी गुळगुळीत धरली तर, पाय जमिनीशी 45 अंशांत असताना कापडावरचा ताण बसणाऱ्याच्या वजनाइतका असतो आणि 30 अंशांत तो 1.7 पट होतो. '120 किलो' असं लेबल म्हणजे धपकन बसलेल्या 120 किलोच्या माणसाची हमी नव्हे, कारण अचानक पडलेला भार साध्या हिशेबानेही दुप्पट ताण देतो. लहान मुलांची खुर्ची छोटी म्हणून कमी धोक्याची, हा तर सर्वांत घातक समज: बारीक बोटं मोठ्यांची बोटं जात नाहीत अशा फटींतही जातात, म्हणूनच अमेरिकेत मुलांच्या खुर्च्या-स्टुलांसाठी एएसटीएम एफ2613 हे वेगळं मानक आहे. घडीची खुर्ची 1911मध्ये नॅथॅनिएल अलेक्झांडरने शोधली, हेही खरं नाही; त्याचं अमेरिकी पेटंट चर्चमध्ये वापरायच्या, पुस्तक ठेवायला फळी असलेल्या घडीच्या खुर्चीचं होतं, आणि घडीची आसनं तर तुतनखामेनच्या थडग्यातही सापडली. आणि 'तीन हजार वर्षं जुनी वस्तू, आता तिच्यात डिझाइन काय करायचं' असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की राजाचं आसन सेवक उघडत असे, आजची खुर्ची घाईत असलेला पाहुणा उघडतो आणि शेजारी त्याचं मूल उभं असतं.

तेव्हा खुर्ची घेताना किंवा बनवून घेताना ती उचलून वजन बघणं सोडा. ती सावकाश उघडा, सावकाश मिटा, आणि प्रत्येक सांध्यापाशी पेन्सिल धरून बघा: सुरुवातीला आत जाणारी पेन्सिल पुढे कुठे अडकते का? उघडी खुर्ची बैठकीच्या मागच्या कडेवर आणि मग पुढच्या कडेवर तळहाताने दाबा. कुठल्याही दाबाने ती मिटू लागली तर तिथेच ठेवून द्या. बैठक हलवून खडखड ऐका. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. कारागिरालाही गेज विचारू नका, 'वजन पडल्यावर हा सांधा कुठे अडतो, ते दाखवा' असं विचारा. त्याला ते दाखवता आलं नाही, तर पाइप कितीही जाड असला तरी ती खुर्ची अजून बनलेली नाही.