शिल्लक जागेचे दोन हिशेब

डिस्कवर किती जागा उरली, या प्रश्नाला एकच उत्तर असावे असे कोणालाही वाटेल. युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेली लिनक्स या प्रणाली मात्र पन्नासहून अधिक वर्षे दोन उत्तरे देत आल्या आहेत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या युनिक्सची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ची. ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन्ही आज्ञा तिच्यात आहेत. पहिली मोकळी जागा सांगते, दुसरी व्यापलेली. एकुणातून एक वजा केली की दुसरी मिळावी, हे शाळेतले गणित. ते इथे बहुधा जुळत नाही, आणि का जुळत नाही हे न कळल्यामुळे माणसे नको ते पुसून बसतात.

मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. जुन्या मासिकांच्या शोधापायी स्कॅन केलेल्या पानांशी संबंध आला आणि पानांपायी डिस्कशी. त्यामुळे मला हा विषय ग्रंथालयाच्या भाषेतच समजतो. ‘डीएफ’ ग्रंथपालाकडे जाऊन दाखलनोंद वही मागते: किती खण दिले, किती रिकामे. ‘डीयू’ स्वतः फडताळांमधून हिंडते आणि दिसेल ते पुस्तक मोजते. कुलूपबंद खोलीतले तिला मोजता येत नाही, म्हणून ती ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्याच्या नावानेच चालवावी. पण रूटलाही जे दिसत नाही, त्याचे काय?

इथे नाव आणि वस्तू यांतला भेद पाहावा लागतो. युनिक्समध्ये फाइलची खरी नोंद, म्हणजे तिचा आकार, मालक आणि डिस्कवरची ठिकाणे, ‘आयनोड’मध्ये असते. फोल्डरमध्ये फक्त नाव आणि आयनोडचा क्रमांक. (यातला ‘आय’ कशाचा, हे पुढे खुद्द रिचींनाही खात्रीने सांगता आले नाही, ‘इंडेक्स’चा असावा, असा त्यांचा अंदाज.) आपण फाइल पुसतो तेव्हा नाव जाते. जागा मोकळी होते ती शेवटचे नाव गेल्यावर आणि ती फाइल उघडून बसलेला शेवटचा प्रोग्राम उठल्यावर. सूचीतले कार्ड फाडले, तरी वाचनकक्षात कोणीतरी ते पुस्तक घेऊन बसलेलाच आहे. फडताळे हिंडणाऱ्या ‘डीयू’ला ते सापडत नाही, वहीत मात्र खण दिलेलाच दिसतो.

एका जिल्ह्याच्या गावातल्या वाचनालयात नेमके हेच घडले होते. जुन्या नियतकालिकांचे स्कॅन दोन टीबीच्या डिस्कवर होते आणि डिस्क भरल्याचा संदेश येत होता. मोठ्या आकाराच्या मूळ प्रतिमा पुसाव्यात, वाचायला छोट्या प्रती पुरतात, असे कार्यकारिणीत ठरत आले होते. त्यांतल्या काही खंडांची पाने मधल्या काळात इतकी ठिसूळ झाली होती की ती पुन्हा काचेवर ठेवता आली नसती. मी आधी हिशेब मांडायला घेतला.

उत्पादकाचे दोन टीबी म्हणजे दोनावर बारा शून्ये इतके बाइट. संगणक १०२४च्या पटीत मोजतो, तेव्हा ते सुमारे १८६३ जीबी भरतात. (या दोन मापांना वेगळी नावे असावीत म्हणून १९९८मध्ये किबी, मेबी अशी नावे ठरली, बोलण्यात ती फारशी रुळली नाहीत.) आयनोडांच्या कोष्टकांना तीसेक जीबी गेले. राहिले १८३०च्या आसपास. यातले ९३ जीबी ‘राखीव’. ही चाल जुनी आहे: बर्कलीच्या मॅक्युसिक प्रभृतींनी १९८४मध्ये जी वेगवान फाइलप्रणाली मांडली, तिच्यातही दहा टक्के जागा मोकळी राखली होती, कारण डिस्क काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो. लिनक्सच्या ‘एक्स्ट’ घराण्यात हा वाटा मुळात पाच टक्के असतो. निव्वळ संग्रहाच्या डिस्कवर तो ‘ट्यून-टू-एफएस’ने कमी करता येतो, प्रणालीच्या डिस्कवर त्याला हात लावू नये.

‘डीएफ’ १७४० जीबी व्यापलेले सांगत होती, ‘डीयू’ १३००. मधले ४४० कुठे गेले? उघड्या फाइलींची यादी देणारी ‘एलएसओएफ’ चालवली, तेव्हा अक्षरओळख करणाऱ्या प्रोग्रामच्या नावापुढे एक प्रचंड फाइल ‘डिलीटेड’ अशा शेऱ्यासह दिसली. ती त्याच्या चुकांची नोंदवही होती. फार वाढली म्हणून कोणीतरी ती पुसली होती. प्रोग्राम महिनोन्महिने त्या निनावी वहीत लिहीतच होता. तो बंद करून पुन्हा सुरू केला आणि जागा परत आली. मूळ प्रतिमा तशाच आहेत.

उलटा प्रकारही होतो. जीबी शिल्लक असतात, तरी जागा नसल्याचा संदेश येतो, कारण आयनोड संपलेले असतात. ‘एक्स्ट-फोर’मध्ये ते साधारणपणे १६,३८४ बाइटांमागे एक या हिशेबाने डिस्क तयार करतानाच ठरतात, दोन टीबीला बाराएक कोटी. पानाऐवजी एकेका अक्षराचे तुकडे साठवणाऱ्यांनी ‘डीएफ’ला ‘आय’ जोडून ही शिल्लकही पाहावी.

आणखी एक जागा मी हल्ली न चुकता तपासतो. बाहेरची डिस्क प्रणालीत एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते. एखाद्या रात्री ती जोडलेली नसेल आणि प्रत काढणारा प्रोग्राम ठरल्या वेळी चालला, तर तो बिनतक्रार त्या फोल्डरातच, म्हणजे मुख्य डिस्कवर लिहितो. सकाळी कोणी बाहेरची डिस्क जोडतो आणि रात्रीच्या प्रती तिच्याखाली झाकल्या जातात, फडताळासमोर दुसरे कपाट आणून ठेवावे तशा. ‘डीयू’ समोरचे कपाट मोजून परतते. इथे ‘एलएसओएफ’ही कामाची नाही, बाहेरची डिस्क सोडवून खालचा फोल्डर उघडून पाहावा लागतो, आणि त्यातल्या प्रती बाहेरच्या डिस्कवर खरोखर आहेत का, हे ताडून मगच त्या काढाव्या लागतात.