सिमला ऑफिस आणि हिमालयाचा बर्फ

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कुठून आले, असे विचारले तर फार थोडे जण उत्तर देतील. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून येथे आले आणि लोकांनी त्या गावाचे नावही ठेवून घेतले.

खात्याचे हिमालयाशी नाते मात्र त्याहून जुने. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनची माणसे अन्नान्न करून मेली. पुणे, सोलापूर, नगर होरपळले. दुष्काळाची चाहूल आधी लागेल काय, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये मांडले की, हिमालयात बर्फ जास्त पडला की त्या वर्षी पाऊस ओढ देतो. कारण साधे आहे. बर्फ ऊन परत फेकतो, वितळताना उष्णता खातो. मग जमीन तापत नाही, आणि ती तापल्याशिवाय समुद्रावरचे वारे जोमाने आत येत नाहीत. १८८६ पासून या बर्फावरून पावसाचे अंदाज निघू लागले. पुढे हे गणित दरवर्षी जमले नाही, हा भाग वेगळा.

मग बर्फ घटला तर बरेच, असे कुणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेला अहवाल २०२० मध्ये आला. त्यानुसार हिंदुकुश-हिमालयाचे तापमान १९५१ ते २०१४ या काळात सुमारे १.३ अंशांनी वाढले. हिमनद्या मागे सरतात, त्यांच्या तोंडाशी तळी साचतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचे दक्षिण ल्होनाक तळे फुटून चुंगथांगचे धरण वाहून गेले. त्याआधी ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत खडक आणि बर्फाचा कडा कोसळला. मृत व बेपत्ता मिळून दोनशेहून अधिक. त्यांत बहुतेक वीज प्रकल्पांवरचे मजूर. त्यांची नावे किती वर्तमानपत्रांनी छापली?

ध्रुवांवरच्या बर्फाचे काय, हे मुलांना घरीच दाखवता येईल. काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फ वितळला तरी पाणी सांडत नाही. तोच बर्फ पेल्यावरच्या गाळणीत ठेवा, पाणी सांडते. ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाचा जमिनीवरचा बर्फ हा गाळणीतला बर्फ. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला ३.३ मिलिमीटर वाढली; त्यात तापून फुगलेल्या पाण्याचाही वाटा आहे. मुंबईच्या खाडीकाठच्या झोपड्यांचा उंबरठा भरतीच्या पाण्यापासून मुळातच फार उंच नाही.