लुळ्या हाताचा फेरविचार

पक्षाघाताच्या झटक्याला सहा महिने लोटले म्हणजे लुळ्या हातात जी सुधारणा व्हावयाची ती होऊन चुकली, यापुढे आशा धरणे व्यर्थ, असा निकाल देऊन रुग्णाला घरी पाठविण्याची जी वहिवाट वैद्यकात दीर्घकाळ चालत आली, तिला समर्थ आव्हान मिळाले ते, आश्चर्य असे की, काही माकडांकडून.

एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडाच्या एका हातातील संवेदना मेरुरज्जूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंची मुळे छेदली, तेव्हा स्नायूंना आज्ञा पोचविणारे तंतू शाबूत असूनही माकडाने त्या हाताचा उपयोग सोडून दिला. परंतु निरोगी हात काही दिवस बांधून ठेवताच तेच माकड त्या टाकून दिलेल्या हाताने अन्न उचलू लागले. टाउब यांनी लावलेली उपपत्ती अशी की, आघातानंतरच्या आरंभीच्या काळात हात हलविण्याचा प्रत्येक यत्न फसतो, एका हाताने काम भागते, आणि न वापरण्याची ही सवय इतकी मुरते की पुढे मज्जासंस्था सावरली तरी तिची खबर प्राण्याला लागतच नाही. १९८१ साली मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेवर प्राण्यांच्या हालांबद्दल पोलिसांची धाड पडली, खटला चालला, शिक्षाही झाली; ती १९८३ मध्ये अपिलात रद्द झाली, परंतु राज्याचा कायदा संघ सरकारच्या अनुदानाने चाललेल्या संशोधनाला लागू नाही एवढ्याच मुद्द्यावर, आणि त्या मुक्या जिवांच्या यातनांचा हिशेब त्यामुळे चुकता झाला असे मला तरी वाटत नाही.

पुढे अलाबामा विद्यापीठात त्यांनी हे तत्त्व माणसांना लावले. रुग्णाच्या निरोगी हातावर जागेपणीच्या बहुतेक वेळात जाड हातमोजा चढवावयाचा आणि दुबळ्या हाताकडून दररोज कित्येक तास, पायरीपायरीने अवघड होत जाणारी कामे करवून घ्यावयाची, असा हा उपचार. कोणती कामे त्या हाताने करीन याचा लेखी करारनामा रुग्ण सही करून देतो आणि घरी काय केले याची रोज नोंद ठेवतो. मला या उपचाराचे मर्म मोज्यापेक्षा या करारनाम्यातच दिसते, कारण दवाखान्यात चमचा उचलणे वेगळे आणि भुकेच्या वेळी घरी त्याच हाताने जेवणे वेगळे.

झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवर अमेरिकेत ही पद्धती पारखली गेली, आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन आठवड्यांच्या या परिश्रमाचा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता. जर्मनीतील संशोधकांनी त्यापूर्वीच, जुन्या रुग्णांत अशा सरावानंतर हाताच्या स्नायूंना चालना देणारे मेंदूच्या कवचातील क्षेत्र विस्तारते, हे चुंबकीय उद्दीपनाने दाखविले होते. लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे तर, तीन आठवड्यांत ९० तासांचे शिक्षण घेतलेल्या, निम्म्याहून अधिक जणांच्या झटक्याला वर्ष उलटून गेले असलेल्या २२४ रुग्णांची सुधारणा सहा महिन्यांनंतरही कायम असल्याचे २०१९ साली नमूद झाले.

अर्थात मोज्याचा उपचार सर्वांना लागू पडत नाही: मनगट वर उचलण्याची व बोटे किंचित उघडण्याची शक्ती शिल्लक असावी लागते, आणि पूर्ण निर्जीव हातात तो प्राण फुंकू शकत नाही. आपल्याकडे तर मायेपोटी घरची माणसेच सदऱ्याची बटणे लावून देतात, घास भरवितात, आणि न वापरण्याच्या सवयीला नकळत खतपाणी घालतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराचे, म्हणजे रोजची कामे पुन्हा करावयास शिकविण्याच्या विद्येचे, शिक्षण सुरू केले, तेव्हापासून या विद्येचे जाणकार आपल्याकडे तयार होत आहेत. झटक्याला वर्ष झाले, दोन वर्षे झाली, म्हणून त्यांच्याकडे जाण्यास संकोच करू नये. मात्र त्यांना विचारल्यावाचून चांगला हात घरच्या घरी बांधू नये, कारण तोल जाताना रुग्णाला सावरणारा तोच हात असतो.