जनरलसाहेबांची साक्ष

मैत्रिणींनो, इस्लामपूरहून कोल्हापूरला जाताना वडगावचा फाटा लागतो ना, त्या वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात.

घरचं माणूस हरून आलं की बोट आधी त्याच्याकडंच! ब्रिगेडियर जॉन दळवींचं तसंच झालं. २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीकाठी चिन्यांनी त्यांची ब्रिगेड मोडली. पुढं सात महिने कैद. जवानांकडं धड गरम कपडे नव्हते, दारूगोळा अपुरा. आणि ती जागा ठरवली वरच्यांनी.

दळवींनी आपली बाजू १९६९ साली लिहिली. पण स्वतःच्या बाजूनं बोलणाऱ्यापेक्षा साक्षीदाराच्या शब्दाला वजन. ती साक्ष थोरातांच्या आत्मचरित्रात आहे. १९५९ सालीच, पूर्व विभागाचे प्रमुख असताना, त्यांनी चीनच्या हल्ल्याचा इशारा दिला होता. सीमेला चिकटून नको, मागं, रसद पोचेल तिथं लढा, असा आराखडाही दिला. मार्च १९६० मध्ये लखनौला त्याचा सराव घेतला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी मनावर घेतलं नाही. हरल्यावर पंडित नेहरूंनी तोच कागद मागवला. आता काय उपयोग, बाई!

दळवी १९७४ ला गेले. थोरातांचं पुस्तक आलं १९८६ ला.