टोळ खाणारा श्येन

श्येन म्हटला कीं सावजावर झडप घालणारा क्रूर पक्षी डोळ्यांपुढें उभा राहतो. शत्रुनाशार्थ करावयाच्या यागासहि आपल्या याज्ञिकांनीं त्याचेंच नांव दिलें. परंतु अमेरिकेंतील ‘स्वेन्सनचा श्येन’ हिंवाळ्याचे महिने टोळ व नाकतोडे टिपून काढतो, हें ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटेल.

हा पक्षी उत्तर अमेरिकेंतील माळरानांवर घरटीं बांधतो. शरद् ऋतूंत तेथून निघून, थव्याथव्यांनीं सुमारें १०,००० किलोमीटर उडत तो अर्जेंटिनांतील पांपा मैदानांत उतरतो. तेथें त्या वेळीं उन्हाळा असतो व शेतांत टोळ माजलेले असतात. आपल्याकडे नांगरामागें बगळे चालतात, तसे हे श्येन ट्रॅक्टरमागें हिंडतात.

पूर्वीं तेथें गुरांचीं कुरणें फार. पुढें सूर्यफूल, सोयाबीन यांची लागवड वाढली आणि तिच्याबरोबर फवारणीहि. इकडे घरट्यांच्या प्रदेशांत पक्षी कमी होऊं लागले. कॅलिफोर्निया संस्थानानें १९८३ सालीं त्यांस संकटग्रस्त ठरविलें. ते हिंवाळ्यांत नेमके जातात कोठें, हें मात्र नीट ठाऊक नव्हतें. अखेर कांहीं पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहास खूण पाठविणारीं यंत्रें बसविलीं, आणि मागावर गेलेल्या संशोधकांस ला पांपा प्रांतांत शेंकडों श्येन मरून पडलेले दिसले. १९९५-९६ च्या एका हंगामांत ५,००० हून अधिक प्रेतें मोजलीं गेलीं. एकंदर मृत्यु २०,००० असावेत असा अंदाज आहे.

घात केला तो मोनोक्रोटोफॉस या औषधानें. तें मज्जातंतूंचें कार्य बिघडवितें. शेतकऱ्याचें वैर टोळांशीं होतें. श्येनांनीं ते मरणोन्मुख टोळ खाल्ले, आणि कित्येकांच्या अंगावर तर फवाराच पडला. टोळ फुकट खाणारा गडी असा विकतच्या विषानें मारला गेला! तेथील सरकारनें व उत्पादकांनीं १९९६ पासून त्या औषधास आळा घालतांच हे मृत्यु झपाट्यानें घटले.

मध्य आशियांतून आपल्या माळांवर हिंवाळ्यांत येणारे भोवत्या जातीचे पक्षीहि टोळ खातात, आणि हेंच औषध आपल्या कापसावर वर्षानुवर्षें पडत आलें. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांतील सारण जिल्ह्यांत शाळेच्या जेवणांतून तें पोटांत जाऊन २३ मुलें दगावलीं. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर आपल्या केंद्र सरकारनें बंदी घातली ती २०२३ सालीं.