सपाट टॅपेटची बाजू

टॅपेट सपाट ठेवावा की रोलरचा घ्यावा, हा प्रश्न हल्ली शिरूर-दौंडच्या गॅरेजांतून सर्रास ऐकू येतो. विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेलं असतं : रोलर नवा, म्हणून चांगला. या समजुतीशी माझं जुनं भांडण आहे.

मुळात रोलर नवा नाहीच. दौंड जंक्शनवरून वर्षानुवर्षं गाड्या ओढणारं डब्ल्यूडीएम-२ हे अल्को बनावटीचं इंजिन भारतात आलं १९६२ साली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती आणि व्हॉल्व्हला रोलरचेच टॅपेट. दुसरीकडे घोड आणि भीमेच्या काठी उसाला पाणी पुरवलं ते किर्लोस्करच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनांनी, सपाट टॅपेटवर. मायकोचा इनलाइन पंप असलेला ट्रॅक्टर उघडून पाहा : पंपात रोलर टॅपेट आणि हातभर अंतरावर व्हॉल्व्हला सपाट. पंपाच्या प्लंजरवर भार मोठा आणि एकदम येतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा त्यामानाने बेताचा. निवड भार बघून होते.

मोटारींचं थोडक्यात सांगतो. शिरूर तालुक्यातल्याच रांजणगावच्या फियाट कारखान्यात १.३ मल्टिजेट बनलं, त्यात रोलर फिंगर आणि हायड्रॉलिक ॲडजस्टर. घर्षण कमी, टॅपेट सेट करायचं काम नाही. २००९च्या सुमारास आलेल्या यूसीई बुलेटलाही हायड्रॉलिक रोलर टॅपेट. कारखान्यानेच तसं बांधलं असेल तिथे माझी तक्रार नाही.

आता माझ्या आवडीचा सपाट टॅपेट. बहुतेक इंजिनांत त्याचं तोंड अगदी किंचित फुगीर घासलेलं असतं, कॅमच्या लोबला नजरेला न दिसणारा उतार असतो आणि टॅपेट लोबच्या मध्यावर न बसवता जरा बाजूला बसवतात. त्यामुळे लोब फिरला की टॅपेट आपल्या भोकात स्वतःभोवती फिरतो आणि झीज सगळ्या तोंडावर वाटली जाते. बेअरिंग नाही, पिन नाही, तरी घासणारी जागा सतत बदलती. इतक्या साध्या तुकड्यात एवढी अक्कल मी इंजिनात दुसरीकडे पाहिलेली नाही. टॅपेट फिरायचा थांबला की लोब खलास.

‘सपाट टॅपेट टिकतच नाही,’ असं ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी रनिंग-इन कसं केलं, ते आधी सांगावं. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत. जुनाच कॅम ठेवायचा तर प्रत्येक टॅपेट आपल्याच लोबवर परत जावा. लोबला आणि टॅपेटच्या तोंडाला मॉलीची पेस्ट लावावी आणि इंजिन सुरू होताच पहिली वीसेक मिनिटं ते आयडलवर सोडू नये, फेरे चढे ठेवावेत. आयडलला तेलाचा शिडकावा कमी आणि लोबच्या टोकावर स्प्रिंगचा पूर्ण दाब असतो. वेग वाढला की टॅपेट-पुशरॉडच्या जडत्वाने तो दाब हलका होतो.

तेलाचंही तसंच. कॅमला वाचवतं ते तेलातलं जस्त-फॉस्फरसचं रसायन. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून २००४च्या एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या पेट्रोल तेलांत फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. असं तेल जुन्या बुलेटमध्ये ओतायचं आणि दोष टॅपेटला द्यायचा, हा न्याय नव्हे.

रोलर बसवायचा तर कॅम बदला, पुशरॉडची लांबी बदला, स्प्रिंग बदला आणि रोलर आडवा फिरू नये म्हणून त्याला अडकवणही करा. त्याच्या सुई-बेअरिंगने दगा दिला तर सुया थेट तेलात उतरतात. पाण्याच्या इंजिनासाठी एवढा खटाटोप कशाला?

खंत आहे ती मिस्त्रीच्या हाताची. जुन्या बुलेटचा टॅपेट थंड इंजिनावर सेट करावा. पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. हे शिकवणारे कमी झाले आणि शिकायला थांबणारे त्याहून कमी. फिलर गेज खणात गंजतो आणि टॅपेट वाजला की सरळ नवं हेड सुचवलं जातं.

म्हणून सांगणं एवढंच : कारखान्याने रोलर दिला असेल तर तो जपा, सपाट दिला असेल तर सपाटच ठेवा. खर्च करायचाच तर तो चांगल्या कॅमवर आणि योग्य तेलावर करा.